व्यसनमुक्ती केंद्र काढायचंय: परवाना नेमका कशाचा, कुणाकडून? (ठाणे / नवी मुंबई)

खोपटकर
नमस्कार मंडळी. आमच्या छोट्या ट्रस्टकडे वर्तकनगर भागात तळमजल्यावरचा एक गाळा आहे. तिथे व्यसन आणि मानसिक आजार या दोन्हींसाठी काहीतरी सुरू करायचं ठरलंय, पण विश्वस्तांत दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं, गाळ्यात दिवसाचं केंद्र चालवू: समुपदेशन, गटबैठका, आठवड्यातून दोनदा मनोविकारतज्ज्ञ. दुसऱ्या तटाला घणसोलीत एक रो-हाऊस भाड्याने मिळतंय, तिथे १२ खाटा टाकून निवासी केंद्र करायचंय, कारण "लोकांना अॅडमिटच करायचं असतं". ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे. तेवढं पुरतं की आणखी परवाने लागतात? आणि सेवा कोणत्या द्याव्यात, कोणत्या अंगावर घेऊ नयेत? माहीतगारांनी सविस्तर लिहावं.

तिरकस
रुमाल टाकून ठेवतो.

कलम_आणि_कागद
सगळा फरक मुक्कामाने पडतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये 'मानसिक आजारा'च्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था घेतल्या आहेत. आणि अशा माणसांना जिथे उपचार, विश्रांती किंवा पुनर्वसनासाठी ठेवून घेतलं जातं, मग एक रात्र का असेना, ती जागा 'मानसिक आरोग्य आस्थापना' होते. पाटीवर आश्रम लिहा, योगकेंद्र लिहा, संस्कार शिबिर लिहा, काही फरक पडत नाही. घरच्यांबरोबर स्वतःच्या घरी राहणारा रुग्ण तेवढा यातून वगळलाय.

म्हणजे घणसोलीच्या रो-हाऊसला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागणार. वर्तकनगरच्या गाळ्याला, रात्री कुणी राहत नसेल तर, ती लागत नाही.

धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी ट्रस्टची असते, उपचारांची नव्हे. तिचा उपयोग अनुदान आणि देणग्यांसाठी. ट्रस्टच्या उद्दिष्टांत आरोग्यसेवा लिहिली आहे का, तेही बघून घ्या. नसेल तर बदल अर्ज आधी करा.

घोडबंदरी
इतकं घाबरवू नका हो. व्यसनमुक्ती हे समाजकार्य आहे, दवाखाना नव्हे. कितीतरी केंद्रं ट्रस्टच्या कागदावर वर्षानुवर्षं चालू आहेत.

कलम_आणि_कागद
@घोडबंदरी, चालू आहेत हे खरं. कायदेशीर आहेत, हे कुणी सांगितलं? विनानोंदणी आस्थापनेला कलम १०७ खाली पहिल्या वेळी ५ हजार ते ५० हजार दंड, दुसऱ्या वेळी ५० हजार ते २ लाख, त्यापुढे ५ लाखांपर्यंत. माहीत असूनही तिथे काम करणाऱ्या मानसिक आरोग्य व्यावसायिकाला वेगळा, २५ हजारांपर्यंत. म्हणून चांगला डॉक्टर अशा जागी नाव द्यायला तयार होत नाही. मग नाव कुणाचं लागतं, हे तुम्हीच बघा.

दंडापेक्षा मोठी भीती निराळीच आहे. विनानोंदणी जागेत एखादा रुग्ण दगावला तर पोलिसांचा पहिला प्रश्न नोंदणीचा असतो, आणि पुढच्या प्रत्येक उत्तराची किंमत तिथेच कमी होते.

आता अर्जाचं. पूर्ण अर्ज गेल्यावर १० दिवसांत तात्पुरती नोंदणी द्यायची असते आणि ती १२ महिने चालते. ती देताना प्राधिकरणाने आधी पाहणी करावी असं बंधन नाही. त्यामुळे भिंतीवर 'तात्पुरती' प्रमाणपत्र टांगलं म्हणजे कुणी येऊन खाटा मोजून गेलं, असं नातेवाइकांनी समजू नये. तारीख वाचावी. कायमच्या नोंदणीसाठी किमान मानकं पाळल्याचे पुरावे द्यावे लागतात आणि ते लोकांच्या हरकतींसाठी ३० दिवस खुले राहतात. त्यानंतरही दर तीन वर्षांनी तपासणी आहेच.

तिरकस
३० दिवस हरकती? आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तर ३० मिनिटांत फाइल भरतील.

आगीतून_फुफाट्यात
निवासी केंद्र केलंत तर आणखी दोन गोष्टी. महाराष्ट्रात खाटांच्या दवाखान्यांना नर्सिंग होम नोंदणी कायदा १९४९ लागू आहे आणि नोंदणी महापालिकेचा आरोग्य विभाग करतो. तिची मुदत तिसऱ्या वर्षाच्या ३१ मार्चला संपते. मानसिक आरोग्याची नोंदणी आहे म्हणून ही नको, असं होत नाही. उलटंही नाही. २०२१ च्या नियमांपासून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं.

दुसरी अग्निसुरक्षा. परवानाधारक एजन्सीकडून दरवर्षी जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, द्यावा लागतो. पण कागद सोडा, खरा धोका कुलपात आहे. रुग्ण पळू नयेत म्हणून खिडक्यांना पक्की ग्रील, जिन्याला सरकतं लोखंडी दार, त्याला बाहेरून कुलूप, आणि किल्ली रात्रपाळीच्या एकाच माणसाकडे. तो माणूस वर झोपलेला, कुलूप खाली. रो-हाऊसला जिना एकच असतो आणि मीटरबोर्ड बहुतेक त्याच जिन्याखाली. बोर्ड पेटला की धूर सगळ्यात आधी जिन्यातच भरतो. निदान एक ग्रील आतून उघडणारी हवी, किल्ली प्रत्येक मजल्यावर हवी आणि मीटरबोर्डाजवळ गाद्यांचा ढीग नको.

वाशी_खाडी
रो-हाऊससाठी एक राहिलं. सिडकोच्या करारात जागेचा वापर काय लिहिलाय ते पाहा. 'निवासी' असेल तर महापालिकेची खिडकी तिथेच बंद होते. भाडेकरार करायच्या आधी हे बघायचं, अनामत देऊन झाल्यावर नव्हे.

आणि 'नवी मुंबई' म्हणताना कुठली नवी मुंबई तेही ठरवा. ऐरोली ते बेलापूर ही नवी मुंबई महापालिका, जिल्हा ठाणे. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल ही पनवेल महापालिका, जिल्हा रायगड. म्हणजे नर्सिंग होमची खिडकी वेगळी, जिल्हा शल्यचिकित्सक वेगळे, विधी सेवा प्राधिकरण वेगळं. घणसोली ठाणे जिल्ह्यात आहे, तुमचं बरं आहे.

खारघरवासी
निषेध! आम्ही नवी मुंबईकरच. पत्त्यावर तसंच लिहितो.

वाशी_खाडी
पत्त्यावर लिहा हो. अर्जावर लिहिलंत तर परत येईल.

निशिगंधा
परवान्यांवर भरपूर झालं, आता सेवांकडे वळू. खोपटकर, दुसऱ्या तटाला एक विचारा: १२ खाटांवर दारू सोडवायला घेणार, तर रात्री तीन वाजता कोण असणार?

दारू रोज आणि भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की शेवटच्या पेल्यानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान वात: हात थरथरतात, घाम, ताप, भिंतीवर किडे दिसतात, तारीख आणि ठिकाण कळत नाही. केंद्रातल्या पोरांना वाटतं, "नाटक करतोय, तलफ आलीय". बांधून ठेवतात, आणि माणूस जातो. हा जीवघेणा प्रकार आहे आणि तो रुग्णालयातच हाताळायचा.

सलाइनचंही तेच. "अशक्तपणा आलाय, ग्लुकोज लावा" ही सवय आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. जुन्या मद्यपीला थायमिनचं (जीवनसत्त्व ब-१) इंजेक्शन न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आधी थायमिन, मग ग्लुकोज. हा क्रम औषधाच्या कपाटावर चिकटवा.

पूर्वी फिट किंवा वात येऊन गेलेला, यकृत बिघडलेला, साठीच्या पुढचा, घरी सोबत नसलेला किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणारा, यांना घरी किंवा साध्या केंद्रात सोडवायला घेऊच नका. कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. बाकीच्यांचं, डॉक्टरांनी तपासून ठरवलं असेल तर, बाह्यरुग्ण म्हणून होऊ शकतं: पाच ते सात दिवस उतरत्या मात्रेत गोळ्या, रोज एक फेरी, गोळ्या एकेका दिवसाच्याच, आणि त्याही घरच्या माणसाच्या हाती. हे दिवसाच्या केंद्रातून जमतं.

गोळीवाला_डॉक्टर
निशिगंधाताईंशी सहमत. इतर नशांचं थोडं जोडतो, कारण लोक सगळ्यांना एकच साचा लावतात.

गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर: सोडताना त्रास प्रचंड, पण धडधाकट माणूस त्याने सहसा मरत नाही. मरतो तो नंतर. दोन-तीन महिने बंद खोलीत राहून शरीराची सवय मोडते, बाहेर येऊन तो जुनीच मात्रा घेतो आणि श्वास थांबतो. केंद्रातून सुटल्यावरचे पहिले आठवडे सर्वांत घातक. म्हणून 'तीन महिने कोंडा, मग सोडा' हा कार्यक्रम गर्दवाल्यासाठी घातक. गर्दाऐवजी देतात ती ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली, नजरेसमोर विरघळवून द्यायची असते. गर्द सोडल्याचा त्रास सुरू व्हायच्या आधीच दिली तर उलट भडका उडतो, म्हणून शेवटच्या नशेनंतर साधारण १२ तास जाऊन त्रासाची लक्षणं दिसली की मगच. टोचून घेणाऱ्यांसाठी नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) केंद्रं आहेत, तिथे ती मोफत मिळते.

बटन, म्हणजे नायट्राझेपाम वगैरे झोपेच्या गोळ्या: हे मुळीच एकदम बंद करायचं नाही. फिट आठवड्यानंतरही येऊ शकते. हळूहळू, आठवड्यांच्या हिशेबाने उतरवायचं.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन: यावर पर्यायी औषध नाही. झोप, अन्न, संशय-भ्रम असतील तर त्यांवर उपचार, आणि बाकी सगळं समुपदेशन. पहिल्या आठवड्यात जी खोल उदासी येते तीत आत्महत्येचा धोका विचारूनच घ्यायचा, आडवळणाने नाही.

वाचनमात्र
लघवीची तपासणी करणारी पट्टी ठेवावी का केंद्रात?

गोळीवाला_डॉक्टर
ठेवा, पण तिच्यावर माणसाची अब्रू टांगू नका. बाजारातल्या नेहमीच्या पाच-सहा पदार्थांच्या कार्डावर एमडी बऱ्याचदा दिसतच नाही, त्यामुळे 'निगेटिव्ह' आलं म्हणून पोरगा साफ आहे असं नाही. उलट रोज गांजा ओढणाऱ्याने सोडून महिना झाला तरी कार्ड 'पॉझिटिव्ह' येऊ शकतं. आणि संमतीशिवाय तपासणी नको.

नेरुळची_मावशी
एक विचारते, रागावू नका. ही सगळी माहिती शहाण्या रुग्णासाठी झाली. दारू पिऊन बायकोला मारणारा माणूस स्वतःहून कधी येतो का? घरच्यांना गाडी बोलावून उचलूनच न्यावं लागतं. तुमचा कायदा त्या बाईला काय देतो?

कलम_आणि_कागद
मावशी, प्रश्न अगदी रास्त आहे. कायदा वाट देतो, पण गाडीवाल्यांची नाही. 'पिकअप'च्या नावाने चार माणसं पाठवून, हात बांधून नेणं हे अपहरण आणि बेकायदा डांबणं यांत मोडतं, मग त्यावर बायकोची सही असो.

वाट मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ८९ ची. रुग्णाने नेमलेला किंवा कायद्याने ठरणारा नामनिर्देशित प्रतिनिधी अर्ज करतो. एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, असे दोघं त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत स्वतंत्रपणे तपासतात. आजार गंभीर हवा आणि त्यापायी स्वतःला इजा, दुसऱ्यावर हिंसा किंवा स्वतःची काळजी घेता न येणं, यांपैकी काहीतरी अलीकडे घडलेलं हवं. मग ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला (रुग्णांच्या हक्कांवर देखरेख ठेवणारं) ७ दिवसांत कळवायचं असतं. बाई किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत. ३० दिवसांपुढे ठेवायचं तर दोन मनोविकारतज्ज्ञ आणि मंडळाची परवानगी. तातडी असेल तर कुठल्याही नोंदणीकृत डॉक्टरला ७२ तासांपर्यंत आपत्कालीन उपचार देता येतात.

मारहाणीसाठी कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ वेगळा आहे. माणूस सुधारेपर्यंत बाईने थांबावं असं कुठेही लिहिलेलं नाही.

घोडबंदरी
आणि स्वतःहून आलेला तिसऱ्या दिवशी म्हणाला "जातो", तर सोडायचं? मग बरा कसा होणार?

निशिगंधा
सोडायचं. स्वतंत्र रुग्ण जातो म्हणाला की जाऊ द्यायचं. फार तर २४ तास थांबवता येतं, तेही ८९ च्या निकषांत बसतो का हे तपासण्यासाठी. 'तीन महिन्यांचा कोर्स, मधे सोडता येणार नाही, पैसे परत नाहीत' असा करार छापून घेणारी केंद्रं बेकायदा कागदावर सह्या घेतात.

आत काय चालत नाही तेही लिहून ठेवा. साखळी कुठल्याही स्वरूपात नाही. एकांत कोठडी नाही. सक्तीने मुंडण नाही. सक्तीचं काम नाही, आणि काम केलं तर मोबदला. फोन आणि भेट नाकारता येत नाही. 'पहिला महिना घरच्यांशी बोलायचं नाही' हा नियम जिथे पाटीवर दिसेल तिथून आल्या पावली परत फिरावं. बांधण्याची वेळ आलीच तर दुसरा कुठलाच मार्ग उरला नसेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, नोंद करून आणि प्रतिनिधीला २४ तासांत कळवून.

वाशी_खाडी
आत कुणी अडकलं असेल तर मोफत कायदेशीर मदतीचा क्रमांक १५१००. पोलिसांसाठी ११२.

तिरकस
हे सगळं सोडून सोपा उपाय: भाजीत गोळी. टीव्हीसमोर बसलेला माणूस काही कळायच्या आत निर्व्यसनी. जाहिरात रोज येते.

गोळीवाला_डॉक्टर
@तिरकस, हसू नका, लोक खरंच करतात. डायसल्फिरॅम ही दारू सोडवायची गोळी. ती घेतलेल्याने दारू प्यायली की चेहरा लाल, उलट्या, छाती धडधडणं, रक्तदाब खाली. कमजोर हृदयाचा माणूस त्यात जाऊ शकतो. न सांगता दिलेली असेल तर दवाखान्यातल्या डॉक्टरलाही कळत नाही समोर काय आहे ते. ही गोळी माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, शेवटच्या पेल्यानंतर निदान १२ तासांनी सुरू करायची, आणि बंद केल्यावरही १४ दिवसांपर्यंत दारू चालत नाही हे त्याला समजावायचं. दारू असलेली खोकल्याची औषधंसुद्धा नकोत. 'आयुर्वेदिक चूर्ण' म्हणून विकलं जातं त्यात काय असतं ते विकणाराच जाणे.

खारघरवासी
अवांतर: विमा मिळतो का यावर?

कलम_आणि_कागद
मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यावा असं मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१ सांगतं. पण पॉलिसीच्या अपवादांत 'एक्सक्लूजन १२' शोधा: दारू, अमली पदार्थ, व्यसन आणि त्यांचे परिणाम, यांवरचा खर्च वगळलेला असतो. त्यामुळे नैराश्याचा दावा मंजूर आणि दारूचा नामंजूर असं होतं, आणि दोन्ही एकाच माणसाला असतील तर डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलंय यावर भांडण. नातेवाइकांना दाखल करतानाच सांगा, बिलाच्या दिवशी नको.

खोपटकर
सगळ्यांचे आभार. वाचून रो-हाऊसवाला तट बराच थंडावला. मग गाळ्यात दिवसाचं केंद्र म्हटलं तर कागद किती आणि माणसं किती? अनुदान मिळतं का?

निशिगंधा
डॉक्टर वैद्यक परिषदेकडे नोंदलेले. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून कुणाला बसवणार असाल तर भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी मागा. एमए झालेल्यांना समुपदेशक म्हणा. इंजेक्शन देणार असाल तर जैव कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र लागतं. खाटा नसलेल्या ठिकाणी ते एकदाच घ्यावं लागतं. गोळ्यांचा साठा ट्रस्टच्या नावावर करू नका. चिठ्ठी लिहा, दुकानातून घेऊ द्या.

माणसं: आठवड्यातून दोनदा मनोविकारतज्ज्ञ, दोन पूर्णवेळ समुपदेशक, एक समाजसेवक जो घरी जाईल, आणि एक पूर्वी व्यसन असलेला कार्यकर्ता. या शेवटच्याला पगार द्या, स्वयंसेवक म्हणून राबवू नका. एका समुपदेशकाला दिवसात सहाच्या वर वैयक्तिक बैठका देऊ नका, सातवी बैठक नुसती हजेरी होते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसला (दारू सोडणाऱ्यांचा आपसातला मदतगट) संध्याकाळी खोली द्या, पण त्यांची बैठक त्यांनाच चालवू द्या. त्यांना कुठला परवाना लागत नाही आणि ते कुठल्या संस्थेचा भागही होत नाहीत. घरच्यांचा गट वेगळा ठेवा.

फोटो मात्र नाहीत. योगाचा फोटो ट्रस्टच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला की गोपनीयता गेली.

वाशी_खाडी
अनुदानासाठी सामाजिक न्याय मंत्रालयाचं ई-अनुदान पोर्टल, आधी 'दर्पण' या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी. तिथे निवासी पुनर्वसन केंद्राशिवाय 'संपर्क आणि ड्रॉप-इन केंद्र' आणि किशोरांसाठी समवयस्कांमार्फत काम, असे प्रकार आहेत. तुमच्या गाळ्याला ड्रॉप-इन जवळचं. पण अनुदानाच्या भरवशावर पगार ठरवू नका, हप्ता कधी येईल ते सांगता येत नाही.

आगीतून_फुफाट्यात
फलकावर टोल-फ्री क्रमांक टाका: व्यसनासाठी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही सारखेच दिसतात, छापताना आकडे तपासून घ्या.

खोपटकर
फलकाचंच सांगायचं होतं. दुसऱ्या तटाने उत्साहात फ्लेक्स आधीच छापून आणलाय. त्यावर 'राहण्या-जेवण्याची उत्तम सोय' लिहिलंय.

तिरकस
जेवणाची ठेवा, राहण्याची खोडा.

वाचनमात्र
वेळही तपासा. दहा ते पाच ठेवलीत तर वागळे इस्टेटमधला कामगार येणार कधी? साडेसहा ते नऊ ठेवा.